वरच्या बोलीतला पाय

झटका तसा लहान होता. कुणी मागून येऊन मांडीला बोट लावावं आणि चूक झाल्यासारखं लगेच काढून घ्यावं, एवढाच. पण तो मांडीत शिरला तेव्हा मुर्निंगसिह आपल्या मते सगळा जोर लावून बसली होती, आणि समोरच्या पडद्यावर सपाट चाललेल्या हिरव्या रेघेला नेमकं त्या क्षणी एक टेंगूळ आलं. आलं, ओसरलं, रेघ पुन्हा सपाट. निंगनं पाय सैल सोडला (तिला सगळे निंगच म्हणत, एवढं लांब नाव हाक मारायला कुणाला परवडतं) आणि ती त्या टेंगळाकडे पाहत राहिली. त्याचा अर्थ तिला मागच्या दोन खेपांमध्ये कळून चुकला होता. वीज बाहेरून येते, मेंदूला न विचारता थेट मांडीच्या स्नायूला हलवते. माणसानं होतं नव्हतं ते सगळं आधीच दिलेलं असेल तर विजेला हलवायला आत काही उरतच नाही, रेघ जशीच्या तशी जाते. काही मागे ठेवलेलं असेल तर ते विजेच्या हाती लागतं आणि टेंगूळ येतं. म्हणजे टेंगूळ ही झडतीत सापडलेली वस्तू होती. आणि गंमत अशी की लपवणाऱ्यालाच आपण काही लपवलंय याची खबर नव्हती. शपथेवर सांगायची वेळ आली असती तर निंगनं सांगितलं असतं, दिला की सगळा.

"क्षमा असावी, म्बाक," चाचणी घेणारा गानांग यंत्राशेजारून म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला म्बाक म्हणायचा, ते बरोबरच होतं, तो चोवीसचा आणि ती बत्तीसची. "आपल्याला त्रास झाला."

"आकडा सांग."

"उजवा एकशे पासष्ट. डावा सकाळी दोनशे बारा आला होता. म्हणजे..." त्याला पुढचं बोलवेना. वाईट बातमी तोंडानं सांगण्यापेक्षा कागद हळूच पुढे सरकवणं त्याला सोपं जायचं. त्यानं कागद सरकवला. अठ्ठ्याहत्तर टक्के.

शुक्रवारी यादी बंद होणार होती. प्रांताच्या वेटलिफ्टिंग संघात परत जायचं तर या प्रयोगशाळेतून एक पत्र जायला हवं होतं: शस्त्रक्रिया झालेला उजवा पाय डाव्याच्या निदान नव्वद टक्के आहे. पहिल्या खेपेला शहात्तर, दुसऱ्या खेपेला एकोणऐंशी, आज अठ्ठ्याहत्तर. आजची खेप शेवटची, आणि तिचा वेळ अकरापर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते. नव्वद नाही तर यादी नाही, यादी नाही तर सराव छावणी नाही, स्पर्धा चार वर्षांनी एकदाच, आणि छत्तिसाव्या वर्षी पुढच्या स्पर्धांची वाट पाहणारी बाई वजन उचलत नाही, वजन उचलल्याच्या गोष्टी सांगते. अशा दोघीतिघी निंगच्या ओळखीच्या होत्या. चांगल्या जाड झाल्या होत्या, आणि दर गोष्टीत पाचपाच किलो वाढवत होत्या.

गानांगनं आता ढिल्या सोडलेल्या पायाला वीज दिली. चाचणीचा तो दुसरा भाग. आधी पाय ढिला ठेवून एक झटका द्यायचा, पाय किती उडतो ते पाहायचं. मग दहा सेकंद पूर्ण जोर लावून घ्यायचा. मग पुन्हा तेवढ्याच विजेचा तोच झटका. पहिल्या दिवशी त्यानं समजावून सांगितलं होतं की आधी जोर लावलेला असला तर स्नायू काही मिनिटं जागा राहतो आणि त्याच विजेला जास्त उत्तर देतो; तो थकलेलाही असतो, पण जाग आणि थकवा एकाच अंगात शेजारी शेजारी राहतात, आणि पहिली काही मिनिटं जाग वरचढ असते. डाव्या पायानं आज सकाळी तसंच केलं होतं, नंतरचा झटका आधीच्या जवळजवळ दीडपट. उजव्या पायात आधीचा आणि नंतरचा झटका जुळ्या भावांसारखे. दहा सेकंद जोर लावल्याचं त्या पायानं मनावरच घेतलं नव्हतं. लग्नाला बोलावलं म्हणून जाऊन बसणाऱ्या, जेवून परत येणाऱ्या आणि नवरीचं नाव विचारलं तर न सांगता येणाऱ्या पाहुण्यासारखा तो त्या दहा सेकंदांतून जाऊन आला होता.

"जोर जेवढा खरा, तेवढी जाग," गानांग तेव्हा म्हणाला होता, आणि मग घाबरून, "म्हणजे आपला जोर खरा नव्हता असं मला म्हणायचं नाही."

त्याला तेच म्हणायचं होतं. निंगला माणसांचा जोर मोजायची सवय होती, अगदी लहानपणापासून. कोण हसताना किती हसतो आणि किती मागे ठेवतो, कोण जेवायचा आग्रह करताना ताटाकडे पाहतो आणि कोण दाराकडे, हे तिला चटकन दिसायचं. शस्त्रक्रियेनंतर भेटायला आलेल्यांचे तिनं असेच मनातल्या मनात दर्जे लावले होते. संघातल्या दोघी पपनस घेऊन आल्या आणि पूर्ण वेळ गुडघ्याकडे बघत बसल्या. त्यांचं दुःख साधारण तीस टक्के, बाकीचं कुतूहल, कारण दोघींचाही वजनगट तिचाच होता. शेजारच्या बू लासियेमनं (बू म्हणजे बाई, मानानं) मात्र काही न आणता येऊन तिचे केस धुऊन दिले होते. तो शंभरचा जोर. आणि आता हीच निंग, जगाला मोजणारी, एका खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेली, आणि तिच्या मांडीवर चिकटवलेल्या दोन चकत्या तिचंच माप काढत होत्या.

लहानपणी आईनं तिला पाहुण्यांसमोर चहा न्यायला शिकवलं होतं. ताटलीत सहा पेले, आणि पाहुण्यांच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर जाऊ नये म्हणून गुडघ्यांवर चालत जायचं, आणि पेल्याला पेला लागून आवाज होता कामा नये. निंग नऊ वर्षांची होती आणि वडिलांच्या बरोबरीनं वाळूच्या ट्रकमध्ये फावडं मारायची. डोंगराखालच्या त्यांच्या गावात वाळू हेच पीक होतं. तिचे दंड बघून बायका हसायच्या, आणि आई आधीच माफी मागून ठेवायची: "पोरगी जरा दांडगी आहे, मनावर घेऊ नका." पेले वाजले की आई पाहुणे गेल्यावर तिला आत बोलावून सांगायची, तुझ्या हातात जोर आहे हे समोरच्याला कळता कामा नये. दार लावताना, भांडं ठेवताना, कुणाचा हात हातात घेताना, उत्तर देताना. विशेषतः उत्तर देताना. वडीलधाऱ्यांशी वरच्या बोलीत बोलायचं, जिच्यात खाणंपिणं, येणंजाणं, घर, हात, डोकं, सगळ्यालाच वेगळे, मऊ शब्द आहेत, आणि वाक्य असं पायरी पायरीनं उतरत येतं की खाली पोचेपर्यंत त्यातला हिसका संपलेला असतो. खालची बोली भावंडांशी, मित्रांशी, जनावरांशी. निंग दोन्ही शिकली. वरच्या बोलीत ती इतकी पटाईत झाली की तिच्याकडे पाहिलं नाही, नुसतं ऐकलं, तर राजवाड्यातली सडपातळ मुलगी बोलतेय असं वाटावं.

सोलो शहरात आल्यावर तिला पाक वागीमिन (वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात) भेटले नसते तर ती बहुधा आज एखाद्या दुकानात अजिबात आवाज न करता कपाटं लावत असती. पाक वागीमिन प्रशिक्षक होते आणि त्यांना वरची बोली येतच नव्हती, किंवा येत असून ते तिला व्यायामशाळेच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवत. "उचल, म्हशी," ते म्हणायचे. "बघतेस काय, ते लोखंड आहे, सासरा नाही." पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी तिनं साठ किलो डोक्यावर नेलं. त्यानंतरची अकरा वर्षं तिच्या आयुष्यात एक जागा अशी होती की जिथं तिला मोठा आवाज करता येत होता, तोंड वेडंवाकडं करता येत होता, वजन धाडकन खाली टाकता येत होतं आणि कुणाची आई कुणाची माफी मागत नव्हती. मग पाक वागीमिन मुलीकडे लाम्पुंगला राहायला गेले. त्यांच्या जागी विद्यापीठात शिकलेला, सौम्य, पाणी पाजून मग बोलणारा माणूस आला. आणि मग गुडघा गेला, आणि त्या दिवसापासून सगळं जग तिच्याशी वरच्या बोलीत बोलायला लागलं. आजारी माणसाला मान मिळतो. नर्सेस, फिजिओ, रिक्षावाले, घरमालकीण. चौदा महिन्यांत तिला कुणी एकदाही म्हैस म्हटलं नव्हतं.

गुडघा सेमारांगच्या स्पर्धेत गेला. त्याची गोष्ट ती कुणाला सांगत नसे, कारण त्या गोष्टीत दोष द्यायला कुणी सापडत नाही. तिसरी उचल, एकशे अठरा किलो. सकाळपासून गुडघ्यात काहीतरी सरकत होतं, दाढेत अडकलेल्या तंतूसारखं. संघाचे पदाधिकारी पाक ब्रोतोसेनो, साठीचे, पांढऱ्या केसांचे, अत्यंत सभ्य, तिच्यासमोर किंचित वाकून म्हणाले, "गुडघा बरा आहे ना? आपल्याला झेपेल ना?" आणि ती म्हणाली, "इंग्गिह." वरच्या बोलीत होकाराला हाच शब्द. पण त्या एका शब्दाची निदान तीन वजनं आहेत. एक, आपण बोललात ते मी ऐकलं. दोन, आपण म्हणताय तर तसं. आणि तीन, हो. तिनं पहिल्या वजनाचा इंग्गिह दिला. त्यांनी तिसऱ्या वजनाचा घेतला. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. खालच्या बोलीत ती म्हणाली असती, दुखतोय, नाही जमायचं. पण साठीच्या माणसाला खालच्या बोलीत नाही म्हणायचं म्हणजे भर चौकात त्याच्या डोक्यावरची टोपी उडवायची. त्यापेक्षा एकशे अठरा किलो सोपं. ती दांडीखाली बसली, आणि ओल्या बांबूचं पेर मोडावं तसा आवाज तिनं कानानं नाही, दातांनी ऐकला.

"म्बाक, आपली अनुमती असेल तर पुन्हा एकदा घेऊ या," गानांग म्हणत होता. "मी तीन म्हटलं की आपण कृपा करून पाय पुढे ढकलावा. शक्य तेवढ्या जोरानं. आणि वीज येईल तेव्हा, क्षमा असावी, किंचित टोचेल. एक, दोन..."

"थांब," निंग म्हणाली.

तो थांबला. त्याचं बोट बटणावर होतं, ते त्यानं पाहुण्याच्या ताटातून हात काढावा तसं उचललं. निंग त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या मनात एक वेडगळ गोष्ट हळूहळू आकार घेत होती. कृपा करून ढकलावा. या विनंतीला कोणता पाय काय उत्तर देईल? या विनंतीला पाय म्हणेल, इंग्गिह. पहिल्या वजनाचा. आपण बोललात ते मी ऐकलं. आणि पेले न वाजवता, गुडघ्यांवर चालत, तो जाईल अठ्ठ्याहत्तर टक्क्यांपर्यंत आणि तिथं मान खाली घालून बसेल. तिला एकदम दिसलं की हे काही आजचं नव्हतं. चौदा महिने तिची मांडी तिच्या गुडघ्याशी वरच्या बोलीत बोलत होती. आपल्याला त्रास तर होणार नाही ना. आपली आज्ञा असेल तर थोडी वाकते. नसेल तर राहू द्या, आम्ही काय, केव्हाही. गुडघा केव्हाच सांधला होता. कापून, शिवून, तपासून झाला होता. पण त्याला आता सासऱ्याचा मान मिळाला होता, आणि मान मिळालेला अवयव तो सुखासुखी सोडत नाही.

"गानांग, तू माझ्याशी खालच्या बोलीत बोल."

त्याला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्याचे कान लाल झाले. "ते कसं शक्य आहे, म्बाक."

"तोंड उघडायचं आणि बोलायचं."

"मी राष्ट्रभाषेत सांगू का? चाचणीचा कागद त्याच भाषेत आहे."

त्यानं सांगून पाहिलं. राष्ट्रभाषेला वर-खाली नाही, ती सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. निंगला रेल्वे फलाटावर उभं असल्यासारखं वाटलं. पाय ढकला. गाडी क्रमांक अमुक. रेघ चढली, सपाट झाली, झटका आला, टेंगूळ आलं. एकशे अडुसष्ट.

"खालची," निंग म्हणाली.

"माझ्या आजोबांनी चाळीस वर्षं राजवाड्यात दिवे लावले," गानांग म्हणाला, जणू हे वैद्यकीय कारण होतं. "आमच्या घरी पिंजऱ्यातल्या कवड्यालासुद्धा अहोजाहो करतात."

"मग खालच्या बोलीत कुणाशीच बोलत नाहीस तू?"

"धाकट्या भावाशी. थोडंसं."

"आणखी?"

तो घुटमळला. "मोटरसायकलशी."

"काय म्हणतोस तिला?"

"ते सांगण्यासारखं नाही, म्बाक."

"चालू होत नाही तेव्हा काय म्हणतोस?"

"भंगार म्हणतो," गानांग जमिनीकडे पाहत म्हणाला. "आणि तिच्या आईबद्दल."

"ठीक. मी तुझी मोटरसायकल. सकाळची वेळ आहे, तुला उशीर झालाय, आणि मी चालू होत नाही."

त्यानं तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा त्याच्या तोंडून "ढकल" आणि लगेच पाठोपाठ "हं का" असं निघालं. दुसऱ्यांदा नुसताच श्वास. तिसऱ्यांदा तो चक्क हसला आणि मग तोंडावर हात धरून माफी मागू लागला. निंगला त्याची दया आली, पण दया दाखवायला तिच्याकडे वेळ नव्हता, घड्याळात सव्वादहा झाले होते. तिनं विचार केला, याला खाली आणायचं तर आधी आपण खाली उतरायला हवं. पायरीच्या वर उभं राहून दुसऱ्याला खाली ढकलता येत नाही. आणि इतकी वर्षं गाडून ठेवलेला तिचा वाळूच्या ट्रकवरचा आवाज तिनं काढला.

"काय रे ए, दिवेवाल्याच्या नातवा. बायकोशी पण असाच बोलणार का? पहिल्या रात्री अर्ज देशील तिला. तुझ्यासारखे चार जण आमच्या ट्रकवर असते तर वाळू नदीतच म्हातारी झाली असती. बटणावर बोट ठेवायची परवानगी आईकडून आणलीस का?"

गानांगचा चेहरा आधी पांढरा झाला. मग त्याच्यात काहीतरी बदललं, ते निंगनं स्पष्ट पाहिलं: खांदे वर आले, आणि डोळे पहिल्यांदाच जमिनीवरून उठून तिच्या डोळ्यांना येऊन भिडले. तीन खेपांत त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे चांगले तिखट होते.

"ढकल," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "ढकल ना, भंगार! बसून काय राहिलीस? निघ पुढं! आणखी! मेलीस का?"

पाय गेला. तो कसा गेला ते निंगला नंतर नीट आठवेना, कारण त्या वेळी ती त्या खोलीत नव्हतीच. ती सेमारांगला दांडीखाली बसली होती आणि बांबूचं पेर मोडायची वाट पाहत होती. गेले चौदा महिने ती दर वेळी इथपर्यंत येऊन मागे फिरली होती. इथंच, या पायरीवर, मांडी वाकून उभी राहायची आणि म्हणायची, आपली आज्ञा असेल तर. आता मागून कुणीतरी शिव्या देत होतं आणि मागे फिरायला जागा नव्हती. मोडायचं तर मोड, ती गुडघ्याला म्हणाली, खालच्या बोलीत, तू कोण लागून गेलास, तू लोखंड आहेस, सासरा नाहीस. गुडघ्यात कळ आली. कळ होती, नाही असं नाही, पण ती कळ नुसतीच कळ होती, तिच्यामागे कुणी उभं नव्हतं. मांडी दगड झाली. कुणाच्या तरी घशातून रेडा हंबरावा तसा आवाज निघाला, तो तिचाच होता. झटका आला, म्हणजे आला असावा, कारण गानांगनं बटण दाबलेलं तिनं पाहिलं. आणि हिरवी रेघ जशी होती तशी पुढे निघून गेली. सपाट. विजेनं आत हात घातला आणि तिला काही सापडलं नाही.

तिनं पाय सोडला. लगेच विश्रांतीचा झटका आला आणि ढिला पाय स्वतःहून उडाला, आतापर्यंत कधी उडाला नव्हता एवढा. दोघंही पायाकडे पाहत राहिली. खुर्चीत बांधलेलं एखादं तिसरंच माणूस बोलल्यासारखं वाटलं.

"एकशे ब्याण्णव," गानांग म्हणाला. "एक्याण्णव टक्के. म्बाक, झालं."

दार उघडलं आणि बू हेस्ती आत आल्या. प्रयोगशाळा त्यांची. पत्रावर सही त्यांची लागायची. हातात चहाचा पेला होता. "गानांग," त्या शांतपणे म्हणाल्या, "तू आत्ता कुणाला मेलीस का म्हणून विचारलंस?"

"मोटरसायकलला, बू," निंगच म्हणाली.

बू हेस्तींनी पडद्याकडे पाहिलं. सपाट रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, काचेवरची धूळ पुसावी तसं. मग कागद उचलला. "छान," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, कुणाकडेही न पाहता, "डावा कधी घेतला होता?"

"सकाळी आठला, बू."

"असं."

 निंगला अशा शांतता चांगल्या ओळखता यायच्या. त्यांच्यातच ती वाढली होती. तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही सभ्य होती. डाव्या पायाला सकाळी आठ वाजता कृपा करून ढकलायची विनंती झाली होती. त्यानंही सभ्यपणेच उत्तर दिलं असणार. सकाळी त्याच्याही रेघेला टेंगूळ आलं होतं, बारीक, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, कारण डावा पाय शहाणा, धडधाकट, त्याची झडती कोण घेतो. उजव्याचा शिव्या खाऊन काढलेला आकडा आणि डाव्याचा अहोजाहोतला आकडा एकमेकांशेजारी मांडले की एक्याण्णव होत होते. कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं की दोन्ही पायांशी एकाच बोलीत बोला. असं लिहावं लागेल हे तो कागद तयार करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. बू हेस्ती चहाचा घोट घेत होत्या. गानांगनं पेनाचं टोपण काढलं होतं आणि तो ते परत लावत होता. दोघंही तिला वाट करून देत होती. तिनं फक्त पट्टे सोडायचे, आभार मानायचे, आणि शुक्रवारी यादीत नाव पाहायचं.

डावा पाय खुर्चीवरून लोंबत होता, अगदी निरागस. निंगनं त्याच्याकडे पाहिलं. छावणीत पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात दांडीवर शंभराच्या पुढे लोखंड चढेल. तिथं कुणी टक्के विचारणार नाही. वजन खाली येताना दोन्ही पायांशी एकाच बोलीत बोलतं, सगळ्यात खालच्या. मग हा शहाणा भाऊ आपला भार उचलेल आणि उजव्याचा थोडा अंगावर घेईल, शरीर हळूच त्याच्या बाजूला झुकेल, प्रशिक्षक पाणी पाजून विचारेल, आपल्याला झेपतंय ना? तेव्हा काय सांगायचं हे आज इथं ठरत होतं, छावणीत नाही. तिच्या मनानं हा हिशेब मांडायला पेलाभर चहाएवढाही वेळ घेतला नाही, पण तेवढ्यात तिनं छावणीतला पलंग पाहिला, सकाळची अंडी, पाठीवर प्रांताचं नाव असलेलं जाकीट, हे सगळं पाहिलं, आणि मन लावून पाहिलं. एकदा नीट बघून घ्यावं असं ते होतं.

"डावा बांध," ती म्हणाली.

"म्बाक," गानांग म्हणाला, "तशी गरज नाही."

"मोटरसायकलला दोन चाकं असतात. बांध."

बू हेस्तींनी पेला टेबलावर ठेवला आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. गानांगनं चकत्या डाव्या मांडीवर चिकटवल्या. आवाज आता त्याला सापडलेला होता, आणि त्या आवाजात त्यानं डाव्या पायाला, त्या पायाच्या आईला आणि एकंदर वाळूच्या धंद्याला जे काही ऐकवलं ते ऐकून बू हेस्तींनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. डावा पाय गेला. वीज आली, आत काही सापडलं नाही. दोनशे एकतीस.

गानांगनं कॅल्क्युलेटर घेतला. हा भागाकार त्याला तोंडी येत होता. त्यानं एकेक आकडा सावकाश दाबला, पुसला, पुन्हा दाबला. "त्र्याऐंशी," तो म्हणाला.

"मी पत्रात लिहू शकते," बू हेस्ती म्हणाल्या, "की प्रगती समाधानकारक आहे आणि समितीनं सहानुभूतीनं विचार करावा."

"समिती सहानुभूतीनं विचार करेल, बू. तेवढाच करेल." निंगनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला. "आकडा लिहा. त्र्याऐंशी. पुढेमागे काही नको."

बू हेस्तींनी कागद पुढ्यात ओढला, आणि त्यांच्याही तोंडून वरची बोली गळून पडली, कुठं पडली ते त्यांनाही कळलं नसावं. "मार्चमध्ये खुली चाचणी असते," त्या म्हणाल्या. "एकच जागा. वीस वीस वर्षांच्या पोरी येतात तिथं. छावणी नाही, खुराक नाही, सगळं तुझं तुला बघावं लागेल. आणि तू उजवा वाढवशील तोवर डावाही वाढणार, हे लक्षात ठेव. तो काही तुझ्यासाठी थांबून राहणार नाही."

"वाढू दे. दोन्ही माझेच आहेत."

गानांग डाव्या पायाचा पट्टा सोडायला वाकला. दोन्ही मांड्या थडथड उडत होत्या, खुर्चीचे खिळे वाजत होते आणि तो आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. निंगनं घड्याळ पाहिलं. अकराला वीस मिनिटं कमी.

"माझा वेळ अकरापर्यंत आहे ना?"

"आहे."

"मग उजवा बांध."